शिवलेलं आणि न शिवलेलं

आमच्या आबांना माणसाचा धर्म त्याच्या देवाआधी त्याच्या कापडावरून कळायचा. गंगाखेडच्या बाजारात आमचं शिंप्याचं दुकान. पणजोबांनी ते निजामाच्या अमलात घातलं, तेव्हा शिलाई हाली रुपयांत मिळायची आणि सरकारी पाट्या उर्दूत असायच्या. आबा शाळेत उर्दू शिकले, दुकानाचा हिशेब मोडीत लिहीत आले आणि म्हातारपणी आमच्या पुस्तकांवरून बाळबोध वाचायला लागले. दुकानाच्या ओट्यावर दिवसभर कुणी ना कुणी टेकलेलं असायचं. कुणी गोदावरीत अस्थी सोडायला आलेलं, कुणी बाजाराला, कुणी परभणीच्या उरुसाला निघालेलं. आबा मशीन चालवता चालवता ऐकत, आणि रात्री जेवणं झाली की ते सगळं आमच्या वाट्याला येई.

एकदा शाळेत कुणी पाहुणे भाषण करून गेले. सगळे धर्म एकच सांगतात, असं ते म्हणाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी ते आबांना ऐकवलं. ते सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "सगळं एकच असतं तर मी एकच माप घेऊन जन्मभर सदरे शिवले असते की. टेप कशाला गळ्यात घालून बसलो?" मग दोरा तोडून म्हणाले, "सारखं काय हाय ते कुनीबी सांगंल. येगळं काय हाय आन् कामून हाय, ते इचारत जाय."

त्यांचा पहिला धडा न शिवायच्या कापडाचा होता. मुसलमानाच्या कफनाला सुई लावायची नाही. पुरुषाला तीन वस्त्रं, बाईला पाच. कोरा पांढरा लठ्ठा मोजून फाडून द्यायचा. कुणी पुरुष हजला निघाला तर एहरामच्या दोन पांढऱ्या चादरी, त्याही बिनशिवणीच्या. काब्यापुढे नवाब आणि हमाल एकाच वेशात उभे राहावेत, हा त्यामागचा विचार. गावातले भटजी पूजेला बसताना सोवळं नेसत, तेही न शिवलेलं. लांबून पाहिलं तर दोन्हीकडे नियम एकच दिसतो. पण एकीकडे माणसामाणसातलं अंतर पुसायचं म्हणून शिवण नको, आणि दुसरीकडे ते अंतर राखायचं म्हणून. सोवळ्यातल्या माणसाला शिंप्यानं हातसुद्धा लावायचा नाही. आबा हे रागानं सांगत नसत. कापड तेच असून कारण किती उलटं असू शकतं, एवढंच त्यांना दाखवायचं असे.

शेजारी अप्पांचं किराणा दुकान होतं. अप्पा लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग बांधायला ते आमच्याकडून नव्या वस्त्राचा तुकडा नेत. आमच्या पणजोबांचं सुतक आम्ही तेरा दिवस पाळलं. अप्पांची आई गेली तेव्हा अप्पांनी काही पाळलं नाही. मला ते विचित्र वाटलं. अप्पा म्हणाले, "आमच्यात सुतक नसतंय बाळा. लिंग गळ्यात आलं त्याच दिवशी मानूस शिवाचा झाला. शिवाच्या मानसाला इटाळ कशाचा?" त्यांच्या आईला जाळलं नाही. बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून मातीत समाधी दिली. आम्ही आत्मा देह सोडून पुढच्या प्रवासाला गेला असं धरून श्राद्ध घालतो. त्यांच्या मते जीव लिंगात मिळाला, आता पिंड द्यायचा कुणाला?

हा विचार ज्या कल्याणात वाढला ते आता कर्नाटकात गेलंय. पण १९५६पर्यंत ते आणि आमचं गंगाखेड एकाच हैदराबाद राज्यात होतं. बाराव्या शतकात बिज्जळ राजाचा मंत्री असलेल्या बसवेश्वरांनी तिथं देवळाऐवजी माणसाच्या देहालाच देऊळ मानलं आणि जन्मानं मिळणारं सोवळं नाकारलं. ब्राह्मण घरातली मुलगी आणि चांभार घरातला मुलगा यांचं लग्न शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांनी, लावलं, राजानं दोघांच्या बापांना देहदंड दिला, आणि कल्याण पेटलं. शरण चहूकडे पांगले. पुढे बीडजवळच्या कपिलधारच्या मन्मथस्वामींनी हीच परंपरा मराठीत रुजवली. पण अप्पांच्या घरातही एक वाद होता. त्यांचे काका म्हणत, आपला धर्म रेणुकाचार्यादी पाच आचार्यांपासूनचा, फार जुना. बसवण्णांनी त्याला उजाळा दिला. अप्पा म्हणत, बसवण्णा हेच मूळ आणि वेदाशी आपला संबंध नाही. २०१७ साली लातूरला स्वतंत्र लिंगायत धर्माच्या मागणीसाठी मोठा मोर्चा निघाला, तेव्हा वर्तमानपत्रं तो वाद नवा असल्यासारखी छापत होती. आम्ही तो किराणा दुकानात, गुळाच्या ढेपेवर बसून ऐकला होता.

आमचा स्वतःचा, शिंप्यांचा मोठेपणा म्हणजे संत नामदेव. त्यांचं गाव नरसी, आणि ती माझ्या लहानपणी परभणी जिल्ह्यातच होती. १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि नरसी, औंढा नागनाथ दोन्ही तिकडे गेली. आजी औंढ्याची गोष्ट सांगायची. नामदेव गुरूच्या शोधात देवळात गेले तर विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. पाय उचलून ठेवावे तिथं पिंड उभी! आजीच्या मते ही गोष्ट नामदेवांचा अहंकार जिरल्याची. मला मोठेपणी तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. विसोबा शैव, नाथांच्या वाटेवरचे, नामदेव विठ्ठलाचे. वैष्णवाला शैवाकडून कळलं की देव एका मूर्तीत मावत नाही. तरी नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही. वारकरी पंथ याच जोडावर उभा आहे: तत्त्व विचाराल तर सगळीकडे एकच ब्रह्म, आणि प्रेम करायला मात्र विटेवरचा हा एकच. आमच्या गावची जनाबाई त्या नामदेवांच्या घरातली दासी. दळताकांडताना ती देवाला कामाला लावते, कारण निराकाराला जात्याचा खुंटा धरता येत नाही.

नांदेडहून एक सरदारजी कपडे शिवायला यायचे. त्यांच्या कछेऱ्याला आबा फार जपत. शिखांच्या पाच ककारांपैकी तो एक. नाडीचा, शिवलेलाच हवा, धोतरासारखा गुंडाळून चालत नाही. केव्हाही उठून घोड्यावर बसता आलं पाहिजे, अशा माणसाचं ते वस्त्र. आबा नामदेवांच्या जातीतले आहेत हे कळल्यावर सरदारजींनी त्यांना हात जोडले. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत; १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हापासून. १७०८मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्याआधी त्याच ग्रंथाला गुरूपद दिलं. म्हणजे आमच्या शिंप्याचे शब्द तिथं गुरूच्या आसनावर. आबांचा ऊर भरून आला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं इठ्ठल कसा पुजतेत?" सरदारजी म्हणाले, आम्ही मूर्ती पुजत नाही आणि देव अवतार घेतो असंही मानत नाही, बीठल म्हणजे तो निराकारच. आबा बराच वेळ गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, "एकाच मानसाचे बोल. पंजाबात नेले तर त्यातली मूर्ती गळून पडली, पंढरीत ठेवले तर राह्यली." कोण चुकलं, असं त्यांनी विचारलं नाही. ऐकणाऱ्यांना कशाची गरज होती, हे त्यांनी विचारलं.

आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असे आणि त्यात कधी कधी लागोपाठ दोन दिवस एकादशी. पहिली स्मार्त, दुसरी भागवत. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू भगर खात, दुसऱ्या दिवशी आमची आजी. यातही एक जुना हिशेब आहे. स्मार्तांना सूर्योदयाला एकादशी असली की पुरे. वैष्णवांना ती अरुणोदयापासून, म्हणजे सूर्य उगवण्याच्या चार घटका आधीपासून, निर्मळ लागते. एका घटकेची २४ मिनिटं. त्या ९६ मिनिटांत दशमीचा स्पर्श झाला की ती एकादशी विद्ध, उपास दुसऱ्या दिवशी. स्मार्त पाच देवांना मानणारा आणि श्रुती-स्मृतीच्या नेमानं चालणारा. वैष्णवाचा सगळा जीव एका देवात, म्हणून त्याच्या दिवसाबद्दलही तो जास्त काटेकोर. काकू आणि आजी दोघींना हे पाठ होतं. एकमेकींच्या उपासाला त्या हसत नसत, आणि एकमेकींच्या दिवशी उपास करतही नसत.

आजीला खरी बोच होती ती महानुभावांची. त्यांच्या संन्याशांचे काळपट कपडे आबा शिवत. दुकानात आले की 'दंडवत प्रणाम' म्हणत. एका महानुभाव बाईला आजीनं चंपाषष्ठीचा भरीत-रोडगा दिला, तर तिनं नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला. आमच्या खंडोबाचा नैवेद्य तिला चालत नव्हता. आजी कित्येक वर्षं ते बोलून दाखवी. मी पुढे महानुभावांच्या चक्रधरस्वामींचं तत्त्वज्ञान वाचलं तेव्हा कळलं, त्या बाईला दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ही चार तत्त्वं कायमची वेगळी आहेत. देवता आहेत, त्यांना सामर्थ्यही आहे, पण त्या देतील ते फळ संपणारं. मोक्ष फक्त परमेश्वराकडे. त्या परमेश्वराचे पाच अवतार: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. खंडोबाला नमस्कार म्हणजे तिच्या लेखी वाट चुकणं. ज्या पंथानं तेराव्या शतकात बाईला संन्यास दिला, मासिक धर्माचा विटाळ मानू नका म्हणून सांगितलं आणि मराठीला लीळाचरित्र दिलं, तो पंथ पुढे शतकानुशतकं आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लपवून जगला. आजीच्या नाकारल्या गेलेल्या रोडग्यामागं एवढं सगळं होतं. त्यातलं आजीला कुणी सांगितलं नाही आणि त्या बाईला कुणी विचारलं नाही.

आबांना सगळ्यांत मजा वाटे ती जैनांची. जिंतूरच्या शेठजींचा माल आमच्याकडे यायचा. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात लेणी आहेत, आत नेमिनाथांची भव्य मूर्ती आणि अधांतरी उभी वाटावी अशी पार्श्वनाथांची. शेठजी दिगंबर. "जगात असा एकच साधू, ज्याच्याकडं शिंप्याला काम न्हाई," असं आबा म्हणत आणि शेठजी मोकळेपणी हसत. दिगंबर आणि श्वेतांबर हे वेगळे का झाले, याची गोष्ट शेठजींनी सांगितली. मगधात बारा वर्षांचा दुष्काळ पडला. भद्रबाहू आपल्या साधूंना घेऊन दक्षिणेत आले, चंद्रगुप्त मौर्यही राज्य सोडून बरोबर आला. मागं राहिलेल्यांनी दुष्काळात नेम सैल केले आणि अंगावर वस्त्र घेतलं. पुढे तेच श्वेतांबर झाले.

बऱ्याच वर्षांनी मी एका श्वेतांबर स्नेह्याच्या घरी याच विषयाची गोष्ट ऐकली, तर ती नेमकी उलटी. महावीरांच्या निर्वाणानंतर ६०९ वर्षांनी शिवभूती नावाच्या साधूला राजानं मौल्यवान कांबळं दिलं. त्याचा जीव त्यात गुंतला. गुरूंनी ते फाडून टाकलं. शिवभूती रागावला आणि कांबळं नको तर काहीच नको म्हणून सगळीच वस्त्रं टाकून निघाला, ते दिगंबर. दोन्ही गोष्टींत आपण मूळचे आणि फुटले ते दुसरे. दोन्हींत भांडण कापडाचं. पण कापडावर थांबलं असतं तर ते शिंप्यापुरतं राहिलं असतं. वस्त्राचा सूक्ष्म मोहही सुटल्याशिवाय मोक्ष नाही, असं दिगंबर मानतात. बाईला निर्वस्त्र राहता येत नाही, म्हणून तिला मोक्षासाठी पुढं पुरुषाचा जन्म घ्यावा लागेल, असं त्यातून निघतं. श्वेतांबर वस्त्राला आड मानत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बाई त्याच जन्मी मुक्त होते. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही तर त्यांच्या मते राजकन्याच. एक धागा ओढावा आणि निम्म्या माणसांच्या मोक्षाचा प्रश्न हातात यावा, असं ते आहे. सणांतही तसंच. भाद्रपदात श्वेतांबरांचं पर्युषण संपतं आणि तिथून दिगंबरांचं दशलक्षण सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. एकमेकांची क्षमा दोघंही मागतात, तारखा मात्र वेगळ्या.

समोरच्या गल्लीत रफूगर चाचा राहत. दरवर्षी फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक शाह बाबांचा उरूस भरतो आणि सगळ्या जातिधर्मांची माणसं तिकडे लोटतात. चाचा आमच्याकडून हिरव्या साटिनच्या चादरीला जर लावून नेत. चाचांचा धाकटा भाऊ मात्र दर्ग्यात पाऊल टाकत नसे. दोघं सुन्नी, दोघं एकाच मशिदीत शिकलेले, नमाजाच्या बारीक नियमांत दोघंही हनफी. चाचा म्हणत, बादशहाकडे कुणी थेट जातं का? वली अल्लाहचे दोस्त, ते आपली अर्जी पोचवतात. धाकटा म्हणे, अर्जी पोचवायला अल्लाहला मधला माणूस कशाला हवा? कबरीपुढं मागणं म्हणजे अल्लाहला भागीदार करणं. चाचांच्या वाटेला लोक बरेलीच्या अहमद रझा खानांचं नाव देतात, धाकट्याच्या वाटेला १८६६ साली निघालेल्या देवबंदच्या मदरशाचं. इंग्रजांनी मुसलमानांचं राज्य घेतल्यावर आपलं काय चुकलं, हा प्रश्न दोन्हीकडे होता. देवबंदच्या उलेमांचं म्हणणं, आपण मूळ ग्रंथापासून लांब गेलो. बरेलीचं म्हणणं, पैगंबरांवरचं प्रेम हीच आपली उरलेली पुंजी, तिला हात लावू नका. ईदच्या दिवशी चाचांच्या घरी दोघं भाऊ एकाच दस्तरखानावर जेवत. चादरीचा विषय त्या दिवशी निघत नसे.

मोहरमला आबांच्या मशीनवर हिरव्या रंगाची रास पडायची. नवसाचं पोर दहा दिवस 'फकीर' करायचं, त्याला हिरवा सदरा. आणि ती पोरं बहुतेक मराठ्यांची, माळ्यांची, आमच्या जातीचीसुद्धा. गावात शिया घर एकही नव्हतं. मग मोहरमात मिरवायचे इमाम हुसेनचे पंजे कुठून आले? याचं उत्तर ओट्यावर टेकणाऱ्या म्हाताऱ्या उर्दू मास्तरांनी दिलं, आणि ते आमच्याच जिल्ह्यातल्या पाथरीवरून जातं. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्मानं हिंदू, त्याचं घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचं. लहानपणी विजयनगरच्या मुलखात तो बहामनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि चढत चढत वजीर झाला. त्याचा नातू बुऱ्हाण निजामशाह. पूर्वजांचं गाव आपल्याकडे असावं म्हणून त्यानं वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. मिळेना तेव्हा १५१८ साली चढाई करून घेतली.

या बुऱ्हाणशहाचा मुलगा आजारी पडला. इराणातून आलेले विद्वान शाह ताहिर म्हणाले, मुलगा वाचला तर बारा इमामांच्या नावानं खुतबा वाचायचं वचन द्या. रात्री तापात मुलगा पांघरूण सारखं फेकून देत होता. बाप म्हणाला, राहू द्या, पांघरू नका. बसल्या बसल्या त्याला डोळा लागला, स्वप्नात पैगंबर आणि इमाम दिसले. जागा होऊन पाहतो तर मुलाच्या अंगावर पांघरूण घातलेलं आणि ताप उतरलेला. फरिश्त्यानं हे लिहून ठेवलंय. १५३७च्या सुमाराला निजामशाही शिया झाली. मास्तर गोष्ट रंगवून सांगत आणि शेवटी चष्मा पुसत म्हणत, पांघरूण कुणी घातलं ते अल्लाह जाणे, पण तेव्हा इराणच्या गादीवर शिया सफवी होते आणि दक्षिणेच्या सुलतानांना दिल्ली-गुजरातपेक्षा इराण जवळचा वाटत होता. सुलतानी गेली, दरबारचा पंथ गेला, खेड्यापाड्यातले पंजे राहिले. आज काही मौलवी त्यांना गैर म्हणतात आणि काही महाराजही. नवस करणारीला मात्र शिया-सुन्नीशी देणंघेणं नसतं, तिला पोर जगायला हवं असतं.

पाथरीचं नाव पुढे २०२०च्या जानेवारीत देशभर गाजलं. शिर्डीच्या साईबाबांचं जन्मगाव म्हणून पाथरीला सरकारी निधी जाहीर झाला आणि शिर्डी बंद पडली. पाथरीकरांचं म्हणणं, बाबा इथल्या भुसारी घराण्यातले. शिर्डीकरांचं म्हणणं, बाबांनी आपली जात, गाव, धर्म कधी सांगितला नाही, तो तुम्ही कोण सांगणार? फकिराची कफनी घालून मशिदीत धुनी पेटवणाऱ्या माणसाला जन्मदाखला चिकटला की त्याचा एक धर्म ठरतो. भांडण निधीचं होतंच, पण त्याच्या तळाशी हेही होतं.

आतापर्यंत सांगितलं ते बहुतेक आबांच्या ओट्यावरचं. त्या ओट्यावर न बसलेल्या एका माणसाकडून मी बाकीचं ऐकलं. नदीकडच्या वस्तीतले तात्या. आबा गेल्यावर एकदा मी त्यांच्याजवळ आबांचं कौतुक करत होतो, सगळ्यांचे नेम त्यांना कसे ठाऊक होते ते सांगत होतो. तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या आबाला समद्यांचं माप म्हाईत होतं. आमचं नवतं. आमी वट्याखाली उभं ऱ्हायाचं, तुमचा पणजा नजरंनं अंदाज घ्यायचा. कपडा वरून टाकायचा. माझ्या बापाला जन्मात अंगाबरूबर सदरा भेटला न्हाई."

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्म घेतला आणि दिला. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला. आमचे बापजादे या दुसऱ्या तारखेबद्दल बोलत, तात्यांच्या वस्तीत नागपूरच्या तारखेबद्दल. नागपूरहून परतलेले पाहुणे पांढऱ्या कपड्यांत आले, त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या आणि वस्तीतल्या घराघरातले टाक, मूर्ती गोदावरीत गेल्या. आमच्या आजीला ते सहन झालं नव्हतं. बुद्ध विष्णूचाच अवतार, मग देव कशाला टाकायचे, असं ती म्हणे. पण बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही बावीसांतलीच एक प्रतिज्ञा. तात्यांनी कारण सांगितलं: "अवतार मनलं की पुन्यांदा पायरी आली. चोखोबा येवढा मोठा, तरी पायरीशीच." पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात प्राण पणाला लावावे लागले होते. तात्यांचे वडील तेव्हा म्हणाले होते, आता उघडून काय उपयोग, आता आम्हालाच यायचं नाही.

बौद्धांमध्येही एकच मत नाही. लंकेचा किंवा ब्रह्मदेशाचा थेरवादी भिक्खू सांगतो की सिद्धार्थानं म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिले आणि घर सोडलं. बाबासाहेबांनी १९५७ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात विचारलं, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता का? त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं युद्ध पेटू नये म्हणून. दुःख तृष्णेतून येतं, आणि माणसानं माणसावर लादलेल्या व्यवस्थेतूनही येतं, हा त्यांचा भर. काही परदेशी बौद्धांना ते पटलं नाही. गोदावरीच्या वेगळ्या घाटावर पाणी भरलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

आज परभणी जिल्ह्यात साधारण दहांत एक माणूस बौद्ध आहे आणि सहांत एक मुसलमान. पूर्णेला विहार आहे, तिथल्या धम्मपरिषदेला तात्या जात. भिक्खूंच्या चीवराबद्दल त्यांनीच मला सांगितलं. अखंड कापड चालत नाही. ते कापून त्याचे तुकडे करायचे आणि मगधातल्या भातखाचरांच्या बांधासारखे जोडून शिवायचे. अखंड कापडाला बाजारात मोल असतं, तुकड्यांना नसतं. आबांनी सांगितलेल्या यादीत सरदारजींचा कछेरा सोडला तर पवित्र ते बिनशिवणीचं होतं. इथं शिवण हाच नेम होता. ही गोष्ट आबांना कुणी सांगितली असती तर त्यांना फार आवडली असती. पण ती ज्याला ठाऊक होती त्याला ओट्यावर जागा नव्हती.

म्हणून आबांच्या शिकवणीला मला एक जोड द्यावीशी वाटते. माणसं वेगळं मानतात त्याचं कारण कधी विचारात असतं: देह देऊळ आहे की बंधन, देवापर्यंत थेट जाता येतं की कुणी मधे लागतं. कधी ते राज्यात असतं, जसं पाथरीच्या नातवाचं इराणशी जुळलं. आणि कधी ते साधं असतं, कुणाला आत घेतलं नाही म्हणून तो निघून गेला. अप्पांचे शरण, चक्रधरांच्या शिष्या, तात्यांचे वडील यांना वेगळा देव हवा होता की वेगळी वागणूक, हे दोन प्रश्न मला तरी सुटे करता आलेले नाहीत. 'सगळे एकच सांगतात' असं म्हटलं की या प्रश्नांतून सुटका होते, आणि ती सुटका ओट्यावर बसणाऱ्यांच्याच सोयीची असते. फरक विचारला की कारण सांगावं लागतं. आणि खरं कारण सांगायचं तर आपल्या पणजोबांचं नाव त्यात घ्यावं लागतं.